सेखेमखेतचा पुरलेला पिरॅमिड: १:२०० मॉडेलच्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

आमच्या सांगलीच्या वाचनालयात पाडव्याला इजिप्तचं एक टेबल मांडायचं ठरलंय. भाचीला तुतनखामुनचा मुखवटा करायचा होता. मी सेखेमखेत मागून घेतला. इजिप्तच्या तिसऱ्या घराण्यातला हा राजा, पायऱ्यांचा पिरॅमिड बांधणाऱ्या झोसरचा वारस. १९५० च्या सुमारापर्यंत इजिप्तच्या भूमीवर त्याची म्हणून ओळखलेली एकही वास्तू नव्हती. कैरोजवळच्या सक्काराच्या वाळूत झकारिया गोनेम या इजिप्शियन पुरातत्त्वज्ञाने त्याचा अर्धवट पिरॅमिड शोधला. ही हकिगत मी कॉलेजात असताना वाचली आणि तेव्हापासून हा राजा डोक्यातून गेलेला नाही.

आज फक्त मापं ठरली. तळाची बाजू १२० मीटर धरली, म्हणजे १:२०० ला ६० सें.मी. छापील आकडे सगळीकडे सारखे नाहीत. काही ठिकाणी ११५ मीटर दिलेत, कारण तिथे इजिप्शियन शाही हाताने (सुमारे ५२.५ सें.मी.) २२० हात धरलेत. या घोळात संध्याकाळ गेली. हे मॉडेल करणाऱ्याने पहिल्याच दिवशी एक आकडा पकडावा आणि पाटीवर तसं लिहावं.

भोवतीची तटबंदी सोडून दिली. मूळ आवार साधारण २६२ × १८५ मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये १३१ × ९२ सें.मी. आमच्या टेबलावर ते मावत नाही. पाया म्हणून जुन्या कपाटाची फळी मिळाली, ९१ × ७६ सें.मी. उत्तरेला उतरता मार्ग येतो, म्हणून त्या बाजूला जास्त जागा सोडली आणि दक्षिणेला जेमतेम १० सें.मी. ठेवली.

खर्च: अर्धी एमडीएफ शीट (६ मि.मी.) ७०० रुपये.

१९ जानेवारी

थर्माकोलचा सात पायऱ्यांचा पिरॅमिड तयार झाला. उंची ३५ सें.मी., कारण पूर्ण झाला असता तर तो सुमारे ७० मीटरचा झाला असता असा अंदाज मांडला जातो. झोसरचा सहा पायऱ्यांचा पिरॅमिड ६० मीटरच्या थोडा वर आहे, त्याहून हा उंच झाला असता. रंग दिला, फोटो काढले, घरात सगळ्यांना आवडला.

थर्माकोल ३८० रुपये. वेळ दोन रविवार आणि मधल्या चार संध्याकाळी.

२६ जानेवारी

तो पिरॅमिड मोडला.

झेंडावंदनाहून आल्यावर भाचीने विचारलं, "मामा, यातलं त्यांना खरोखर किती सापडलं?" मी फुटपट्टी घेतली. गोनेमना मिळालेलं बांधकाम सात-आठ मीटर उंचीचं होतं. आमच्या मापात ४ सें.मी. वरचे ३१ सें.मी. मी कल्पनेने बांधले होते, आणि बघणाऱ्याच्या लक्षात नेमके तेच राहिले असते. हा पिरॅमिड इतका काळ वाळूखाली का राहिला, याचं उत्तरही त्याच्या बुटकेपणात आहे. उंच झालाच नाही, म्हणून दिसला नाही.

मोडायचा निर्णय दोन मिनिटांत झाला, पण मला वाईट वाटलं आणि भाचीला त्याहून जास्त. वाचनालयाच्या कार्यवाहांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "मग लोकांना पिरॅमिड दिसणार कसा?" पूर्ण पिरॅमिडची कल्पना मागच्या फलकावर तुटक रेषेने काढू असं कबूल केलं. मॉडेलमध्ये मात्र जमिनीत मिळालं तेवढंच.

२ फेब्रुवारी

आता खरं बांधकाम. या पिरॅमिडमध्ये मधल्या गाभ्याला बाहेरून एकामागून एक दगडी थर टेकवत नेलेत. गोनेमनी असे १४ थर नोंदले. प्रत्येक थर आत कललेला, उभ्या रेषेपासून १५ अंश. आणि थरातले दगडांचे रद्देही आडवे नाहीत. ते थराच्या तोंडाशी काटकोनात बसवलेत, म्हणजे आतल्या बाजूला उतरते.

एमडीएफच्या पट्ट्या घेऊन कोपऱ्यावरच्या सुतारकाकांकडे गेलो. पट्ट्या १५ अंशांनी कलवून उभ्या करायच्या, टोकं ४५ अंशात कापा, असं मीच सांगितलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे कापल्या. घरी आणून चौकट जोडली तर चारही कोपऱ्यांत वर टोकं भिडली आणि खाली फट राहिली. चूक माझी. उभ्या पट्ट्यांना ४५ चालतं, कललेल्यांना चालत नाही.

सुतारकामाचे ५०० रुपये आणि जवळजवळ अख्खी कापलेली एमडीएफ वाया.

५ फेब्रुवारी

रात्री कागदावर हिशेब केला. चार बाजूंची चौकट, पट्टी जमिनीशी ७५ अंश. पट्टीच्या टोकाचा तिरका काप १४.५ अंश आणि करवतीच्या पात्याचा कल ४३ अंश. खालच्या कडेला १५ अंशांचा रंधा मारावा लागतो, नाहीतर पट्टी फळीवर कडेवर उभी राहते. हे तीन आकडे लिहून ठेवा, माझा आठवडा यातच गेला.

आधी पुठ्ठ्याची चौकट करून पाहिली. कोपरे मिटले. तीच सुतारकाकांना नेऊन दाखवली. ते म्हणाले, "मास्तर, पुठ्ठा आधी आणला असता तर माझंही लाकूड वाचलं असतं." दुसऱ्या कापणीचे ६०० रुपये, उरलेल्या शीटमध्ये आणि त्यांच्याकडच्या तुकड्यांत भागवलं.

९ फेब्रुवारी

१४ चौकटी एकात एक बसल्या. बाहेरून आत नका जाऊ, आतून बाहेर या. आम्ही बाहेरून सुरू केलं आणि सहाव्या चौकटीला अडकलो, कारण कललेल्या चौकटी वरून आत उतरत नाहीत. गाभ्यापासून सुरू केलं तेव्हा प्रत्येक पुढची चौकट वरून सरकत आली आणि आधीच्या चौकटीला टेकली. मूळ बांधणाऱ्यांनीही थर आतून बाहेरच चढवले होते. हात लावून केल्याशिवाय ते मला नीट कळलं नव्हतं.

भाचीने बाहेरच्या थराच्या कापलेल्या तोंडावर रद्द्यांच्या रेषा ओढल्या, टेबलाला समांतर. शेजारचे गवंडी सहज डोकावले, त्यांना रद्दे उतरते असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, "मग भिंत स्वतःच्या अंगावरच रेलते, बाहेर जायला बघत नाही." कापलेल्या तोंडावरच्या सगळ्या रेषा सँडपेपरने घासून काढल्या आणि गुण्या थराला टेकवून पुन्हा ओढल्या. तीन तास.

१६ फेब्रुवारी

जमिनीखालचं काम सुरू. दफनकक्ष पृष्ठभागापासून सुमारे ३२ मीटर खाली खडकात खोदलेला आहे, मॉडेलमध्ये १६ सें.मी. पिरॅमिड मधोमध कापून छेद दाखवायचा विचार होता, पण मग जमिनीखालची अर्धी कोठारं (साठवणीच्या खोल्या) कापली जातात. त्याऐवजी दोन मजले केले. वर पिरॅमिडची फळी, खाली फोमचा तळ, मध्ये १६ सें.मी.चे चार खांब. उत्तरेकडून येणारा उतार ही एक तिरकी पन्हळ. पिरॅमिडमधून खाली येऊन त्या मार्गाला मिळणारी उभी विहीर म्हणजे अॅक्रिलिकची नळी. चारही बाजूंनी पारदर्शक शीट. बघणाऱ्याला खोली डोळ्यांनी मोजता येते.

कोठारं आणि दफनकक्ष मॉडेलमध्ये एकाच तळावर घेतलेत.

निळा फोम ९०० रुपये, अॅक्रिलिक ८५०, तारेने फोम कापायचं यंत्र ६५०.

एक नुकसान: फोमचे दोन थर रबराच्या गोंदाने चिकटवले. वीस मिनिटांत मध्ये खड्डे पडले, गोंदातलं द्रावण फोम खातं. पांढरा लाकडाचा गोंद वापरा आणि रात्रभर वजन ठेवा. सुदैवाने तुकडा छोटा होता.

२३ फेब्रुवारी

कोठारं. विहिरीच्या तळापाशी मुख्य मार्गातून एक वाट फुटते आणि इंग्रजी यू आकाराच्या लांब बोगद्याला जाते. त्या बोगद्याला फणीच्या दातांसारखी छोटी कोठारं आहेत. किती? किमान १२० म्हणतात, पुढच्या मोजणीचे आकडे त्याहून मोठे आहेत. आम्ही १२० केली आणि पाटीवर 'किमान' हा शब्द ठेवला.

एक खाच कापायला दीड-दोन मिनिटं. पण तार तापलेली असताना सलग कापलं की शेवटच्या खाचा रुंद होतात, फोम वितळत जातो. दर दहा खाचांनंतर थांबायचं. पाच संध्याकाळी लागल्या. मोजल्या तर ११८ भरल्या. भाचीने दोन्ही टोकांना एकेक वाढवली.

या कामात गोनेमच्या माणसांचा विचार सारखा मनात येत होता. विहिरीखालचा भाग मोकळा करताना छत कोसळून त्यांचा एक कामगार दगावला. त्या जागी नळी चिकटवताना आम्ही दोघंही गप्प होतो.

२ मार्च

विहिरीत काय दाखवायचं, यावर आज वाद झाला. त्या भरावात वर जनावरांची हाडं मिळाली आणि त्यांच्याखाली डेमोटिक या उत्तरकालीन इजिप्शियन लिपीतले ६२ पपायरस (लव्हाळ्याच्या कागदाचे लेख). ते सव्विसाव्या घराण्यातल्या अमासिस राजाच्या काळातले, म्हणजे सेखेमखेतच्या दोन हजार वर्षांनंतरचे. भाचीचं म्हणणं, राजाचे नाहीत तर ठेवायचे कशाला? माझं म्हणणं, नंतरच्या माणसांना ही जागा माहीत होती आणि ते तिथे उतरले होते, हाच त्यांचा पुरावा. शेवटी नळीत पांढऱ्या बारीक काड्या आणि त्यांच्याखाली कागदाच्या सुरळ्या ठेवल्या, रंग वेगळा, पाटीवर काळ वेगळा. सगळं एका रंगात दाखवलं असतं तर ते राजाचंच वाटलं असतं.

उतरत्या मार्गाच्या जमिनीवर मातीत सोन्याच्या २१ बांगड्या आणि शिंपल्याच्या आकाराची सोन्याची डबी मिळाली. राजाच्या काळातलं सोनं, चोरांच्या हातून सुटलेलं. या मापात बांगडी अर्ध्या मिलिमीटरहून लहान होते. करायचा प्रयत्न केला नाही. सोनेरी रंगाचा एक ठिपका आणि पाटीवर दोन ओळी.

९ मार्च

दफनकक्ष: ८.९ × ५.२२ मीटर, म्हणजे ४.४५ × २.६ सें.मी. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये साचा घेतला. भिंती गुळगुळीत झाल्या. मूळ कक्ष अपुरा, ओबडधोबड सोडलेला, म्हणून ओलं असताना पटाशीच्या टोकाने खरवडला.

मग शवपेटी. लांबी सुमारे २.३७ मीटर, मॉडेलमध्ये १.२ सें.मी. मूळ पेटी अलाबास्टरच्या एकाच अखंड दगडात कोरलेली आहे. त्या दगडाची अर्धपारदर्शक छटा यावी म्हणून मेणबत्तीच्या मेणात कोरली. सुंदर दिसली. झाकणाचा सांधाही वरच्या बाजूला काढला.

झाकणच चूक होतं. या पेटीला वरून झाकण नाही. तिचं तोंड एका टोकाला आहे आणि ते वर सरकणाऱ्या दगडी फळीने बंद केलेलं. ती फळी गिलाव्याने जागच्या जागी बंद मिळाली, म्हणूनच तर जगाचं लक्ष लागलं होतं. २६ जून १९५४ ला ती उचलली आणि आत काहीच नव्हतं.

१६ मार्च

मेणाची दुसरी पेटी, टोकाला दार असलेली, दुपारी खिडकीपाशी ठेवली होती. संध्याकाळी एका बाजूला वाकली होती. मार्चमध्ये सांगलीत मेण वापरू नये. लादीवाल्याकडून संगमरवराचा तुकडा कापून आणला (१५० रुपये), कानशीने घासला, ड्रिलने टोकाकडून पोकळ केला. पहिला तुकडा ड्रिलखाली फुटला, दुसरा टिकला. पाण्यात बुडवून, हळू गतीवर, थांबत थांबत.

पेटीवर गोनेमना वनस्पतींचे अवशेष मिळाले होते. त्यांनी ते अंत्यविधीचे हार मानले. आम्ही तिथे वाळलेल्या दुर्वेचा चुरा ठेवला आणि पाटीवर 'वनस्पतींचे अवशेष' एवढंच लिहिलं.

कार्यवाहांनी सुचवलं, पेटीत एक छोटी ममी ठेवली तर मुलांना आवडेल. मी ठाम नाही म्हणालो. पेटी रिकामी मिळाली आणि का रिकामी, याचं उत्तर जमिनीने दिलेलं नाही. आम्ही आत काही ठेवलं तर आम्ही ते उत्तर बनवलं असं होईल. दार अर्धं वर उचललेलं ठेवलंय. बॅटरी मारली की पोकळी दिसते.

२१ मार्च

फलक छापून आला आणि तिथे या सगळ्या कामातली सर्वांत मोठी चूक झाली.

फलकाचा विषय होता, हा राजा कशावरून ओळखला. मातीच्या बुचांवर उमटलेले शिक्के, त्यांवर सेखेमखेत हे नाव. हस्तिदंताची एक कोरलेली पट्टी, तिच्यावरचं नाव राजाचं की राणीचं यावर अभ्यासकांत एकमत नाही. तटबंदीच्या पांढऱ्या भिंतीवर लाल शाईत इम्होतेपचं नाव, म्हणजे झोसरचा तो विख्यात अधिकारी या कामापर्यंत होता असं मानायला जागा. तुरिनच्या संग्रहालयातल्या प्राचीन इजिप्शियन राजांच्या यादीत सेखेमखेतच्या नावापुढे सहा वर्षं. सहा वर्षांत हा पिरॅमिड अर्धवट राहणं समजण्यासारखं आहे. आणि सिनाईतल्या वाडी मघारा या दरीतलं खडकावरचं शिल्प: राजा तीनदा कोरलेला, एकदा पांढरा मुकुट, एकदा लाल मुकुट, एकदा शत्रूला केसांनी धरून मारताना.

त्या शिल्पाखाली छापलं होतं: 'सेमेरखेत, पहिलं घराणं'.

मजकूर भाचीने वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकातून घेतला होता आणि मी तपासला नाही. पुस्तक जुनं असल्यामुळे त्यात तेच असणार होतं. सिनाईचं शिल्प कित्येक वर्षं पहिल्या घराण्यातल्या सेमेरखेतचं मानलं जात होतं, कारण सेखेमखेत नावाचा राजा कुणाला माहीतच नव्हता. सक्कारातले शिक्के मिळाल्यावर ते नाव पुन्हा वाचलं गेलं. म्हणजे राजा सिनाईच्या खडकावर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता आणि दुसऱ्याच्या नावाने ओळखला जात होता.

भाची रडवेली झाली. मी तिला सांगितलं की तिने जे केलं तेच मोठमोठ्या विद्वानांनी केलं होतं आणि तपासायचं काम माझं होतं. फलक पुन्हा छापायला टाकला, ४५० रुपये दुसऱ्यांदा. नव्या फलकावर तिने स्वतः एक ओळ घातली: 'हे शिल्प पूर्वी सेमेरखेतचं समजलं जाई.' आता तीच ओळ मला सगळ्या फलकातली सर्वांत कामाची वाटते.

जुनं पुस्तक वापरताना पहिलं पान उघडून साल बघा. तिसऱ्या घराण्याबद्दल काहीही घेताना १९५० च्या आधीचं आणि नंतरचं वेगळं ठेवा.

२८ मार्च

जोडणी. खांब फळीला स्क्रूने, फोमला पांढऱ्या गोंदाने. अॅक्रिलिकचे संरक्षक कागद शेवटपर्यंत काढू नका, आम्ही एका बाजूचा आधी काढला आणि तिथे ओरखडे आहेत.

फलकाच्या कोपऱ्यात गोनेमबद्दल चार ओळी लिहिल्या, त्या लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पेटी रिकामी निघाल्यावर त्यांच्यावरचा प्रकाश मावळला. पुढे एक प्राचीन भांडं गहाळ झाल्याचा आणि त्यांनी ते बाहेर पाठवल्याचा संशय त्यांच्यावर आला. जानेवारी १९५९ मध्ये त्यांनी नाईलमध्ये जीव दिला. ज्याँ-फिलिप लोएर या फ्रेंच वास्तुविशारदाने ते भांडं शोधून काढलं. ते कैरोच्या संग्रहालयातच, नोंद चुकलेल्या जागी होतं. या राजाच्या सक्कारातल्या जवळजवळ प्रत्येक पुराव्यामागे गोनेम आहेत. त्यांचं नाव बारीक अक्षरात जाऊ नये म्हणून फलकाचा मजकूर दोन ओळींनी कमी केला.

आजवरचा खर्च: एमडीएफ ७००, थर्माकोल ३८०, सुतारकाम ११००, फोम ९००, अॅक्रिलिक ८५०, तारेचं यंत्र ६५०, संगमरवर १५०, फलक दोनदा ९००, गोंद-प्लास्टर-रंग ६२०. एकूण ६२५० रुपये. त्यातले मोडलेला पिरॅमिड, पहिली सुतारकापणी आणि पहिला फलक मिळून १३३० रुपये चुकांचे, वाया गेलेली एमडीएफ वेगळी.

३० मार्च, पाडवा

टेबल मांडलं. पहिल्या तासात तीन जणांनी विचारलं, "हा मोडलाय का?" नाही, असाच सापडला, हे सांगताना भाचीचा आवाज दर वेळी जास्त ठाम होत गेला. एक आजोबा खाली वाकून पेटीत बॅटरी मारून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मग राजा कुठं गेला?" भाची म्हणाली, "आजोबा, अजून सापडलेला नाही."

६ एप्रिल

मॉडेल घरी परत आलं आणि आता दक्षिणेची चूक निस्तरायची आहे. आमचा सगळा आराखडा गोनेमच्या वर्णनावर उभा होता. लोएरनी १९६३ पासून तिथे पुन्हा काम केलं आणि १९६७ मध्ये पिरॅमिडच्या दक्षिणेला एक थडगं मिळालं. वर सुमारे ३२ × १६ मीटरचा मस्तबा, म्हणजे थडग्यावरची सपाट माथ्याची वास्तू. खाली लाकडी शवपेटीत साधारण दोन वर्षांच्या मुलाचे अवशेष. म्हणजे ते राजाचे नाहीत, पण त्याच्या आवारात पुरलेल्या कुणाचे तरी आहेत. हे मला जानेवारीत माहीत असतं तर दक्षिणेला १० सें.मी. सोडून थांबलो नसतो. मॉडेलमध्ये तो मस्तबा १६ × ८ सें.मी. होतो आणि सोडलेल्या जागेत कडेला टेकतो.

फळीला १५ सें.मी.ची पट्टी जोडायची, खालून दोन आडव्या लाकडी दांड्या. सुतारकाकांनी मंगळवारचा वार दिलाय. या वेळी पुठ्ठ्याचा नमुना आधी घेऊन जातोय.